कातडे कमावणाऱ्याचे नाव कुठे आहे?

जून 2025 मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने आपल्या नव्या चपला मांडल्या आणि महाराष्ट्रात एकच ओरड झाली. चप्पल थेट आमच्या कोल्हापुरीसारखी, पण कोल्हापूरचे नाव नाही आणि भारताचेही नाही! 'आपला वारसा चोरला' म्हणून पुढाऱ्यांनी पत्रके काढली. टीका वाढल्यावर या चपलेमागे भारतीय कारागिरांची परंपरा असल्याचे कंपनीने मान्य केले. या गदारोळात एक प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. 'आपला' वारसा म्हणजे नेमका कोणाचा? ज्या हातांनी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्या हातांचा स्पर्शही ज्यांना विटाळ वाटत होता, ते आज त्याचे वारसदार कसे झाले?

आज शाश्वत विकासाचा सर्वत्र बोलबाला आहे. पारंपरिक ज्ञान जपा, असे परिषदांमधून सांगितले जाते. 1997 साली हळदीवरचे अमेरिकी पेटंट रद्द झाले, तेव्हा देशाला आनंद झाला आणि तो योग्यच होता. ती लढाई जिंकता आली, कारण हळदीचे गुण आपल्याकडे लेखी नोंदलेले होते. 2001 पासून सरकारने पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभारायला घेतला, तोही मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांच्या आधारे. पण ज्यांना अक्षरच नाकारले गेले, त्यांचे ज्ञान कोणत्या ग्रंथात सापडणार? ते आरीच्या टोकावर आणि रापीच्या धारेवरच जिवंत राहिले.

हे ज्ञान क्षुल्लक नव्हे. मेलेल्या जनावराचे कातडे काही तासांत सडू लागते. ते मीठ लावून टिकवायचे, चुन्यात भिजवून त्याचे केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात दिवसेंदिवस मुरवायचे. कातड्याची पिशवी शिवून, तीत हे पाणी भरून ती टांगून ठेवायची. साल किती, पाणी किती, उन्हाळ्यात किती दिवस, पावसाळ्यात किती, हे सारे नजरेने आणि बोटांनी ठरायचे. आजच्या भाषेत हे रसायनशास्त्र आहे. या चपलेला खिळा लागत नाही, ती चामड्याच्या वादीनेच शिवली जाते. कारखान्यात क्रोमियमचे क्षार वापरून कातडे फार लवकर कमावता येते, पण ते सांडपाणी नीट शुद्ध केले नाही तर नदी आणि विहिरी नासतात. साल-हिरड्याच्या पद्धतीचे सांडपाणीही स्वच्छ करावेच लागते, हे खरे. तरी त्यात क्रोमियम नसते. जग ज्याला पर्यावरणस्नेही म्हणून आज शोधत आहे, ते आमच्या ढोर आणि चर्मकार बांधवांना केव्हापासून ठाऊक होते. त्याचे बक्षीस काय मिळाले? गावकुसाबाहेरची वस्ती आणि शिवी म्हणून वापरलेले जातीचे नाव.

इथे आमच्यातलेच अनेक जण विचारतील, बाबासाहेबांनी तर मेलेली गुरे ओढणे सोडा म्हणून सांगितले, मग तुम्ही हे ज्ञान जपायला कसे सांगता? प्रश्न रास्त आहे. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडून स्वाभिमानाने जगण्याची हाक दिली. जुलै 2016 मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना भररस्त्यात मारहाण झाली. त्यानंतर हजारो दलितांनी मेलेली जनावरे उचलणार नाही, अशी शपथ घेतली. ती शपथ आमची आहे. आम्ही नाकारली ती सक्ती. जन्मावरून काम आणि कामावरून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था आम्ही नाकारली. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच दाखवून दिले. त्या विभागणीला 'परंपरा' म्हणून जपायला आम्ही तयार नाही. पण आमच्या पूर्वजांच्या बुद्धीवरचा हक्कही आम्ही सोडलेला नाही. चर्मकाराचा मुलगा डॉक्टर व्हावा. ज्याला हा व्यवसाय करायचा असेल, मग तो कोणत्याही जातीचा असो, त्याने तो सन्मानाने आणि चांगल्या मिळकतीवर करावा.

आज नेमके उलटे घडत आहे. कलेचे गोडवे गायले जातात आणि कारागीर मात्र हा धंदा सोडून जात आहेत. 2015 साली राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून कातडे मिळणे अवघड झाले आणि त्याची वाहतूक करणाऱ्याच्या मनात भीती बसली. बाजारात नकली माल 'कोल्हापुरी' म्हणून खपतो. वेणी घालणाऱ्या आणि नक्षी काढणाऱ्या बायांचे काम घरकामातच मोजले जाते. गाईच्या नावाने राजकारण करणारे आणि कोल्हापुरीच्या नावाने गळा काढणारे अनेकदा एकच असतात, हे आम्ही विसरू नये.

कायद्याचे काय? 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्हे त्यात आहेत. नोंदणी मात्र दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. जुलै 2025 मध्ये काही वकिलांनी केलेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, कारण ते या मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. म्हणजे लढण्याचा अधिकार महामंडळाचा आणि कारागीर प्रेक्षक! डिसेंबर 2025 मध्ये याच महामंडळांशी प्राडाने करार केला. सुमारे 800 युरोंच्या 2,000 जोड्या, म्हणजे एकूण 16 लाख युरोंची विक्री. एका जोडीची किंमत 80 हजार रुपयांच्या वर जाते. त्यातले कातडे कमावणाऱ्याला किती, शिवणाऱ्याला किती, वेणी घालणाऱ्या बाईला किती? हा हिशेब जाहीर झालाच पाहिजे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून कारागिरांची, आणि विशेषतः स्त्रियांची, घरोघरी जाऊन नोंदणी करा. कातडे कमावणाऱ्यांना हातमोजे, स्वच्छ पाणी आणि सांडपाण्याची सामायिक व्यवस्था द्या. हे ज्ञान कारागिरांच्या संमतीने आणि त्यांच्या नावानिशी नोंदवा. चर्मतंत्राच्या संस्थांमध्ये त्यांना शिक्षक म्हणून बोलवा, नमुना म्हणून नव्हे. आणि प्रत्येक मोठ्या करारात कारागिरांचा वाटा लेखी ठरवा.

आमच्या सुशिक्षित तरुणांनाही आम्ही सांगू इच्छितो की, आजोबांची रापी लाजेने माळ्यावर टाकू नका. ती हातात घ्यायची की नाही, हा तुमचा निर्णय. पण तिच्यामागचे शास्त्र आजोबांकडून ऐकून लिहून ठेवा. आमच्या वाडवडिलांना लेखणी मिळाली नाही. ती आता आमच्या हाती आहे. आमचे ज्ञान आम्ही लिहिले नाही, तर उद्या दुसरा कोणी ते आपल्या नावावर लिहील, आणि आम्ही पुन्हा एकदा गावकुसाबाहेर उभे राहून ते पाहत बसू.