एकोणचाळीस म्हणजे किती?

गेल्या पावसाळ्यात आमच्या तिसऱ्या वर्षातील एक विद्यार्थिनी सोळा पानांचा इंग्रजी निबंध घेऊन घरी आली. परदेशातील एका विद्यापीठाचे विद्यार्थी कॉग्निटिव्ह सायन्सचे नियतकालिक चालवितात. तिकडे तो धाडावयाचा होता. मन कसे जाणते, शिकते, आठवते, याचा शोध मानसशास्त्र, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, संगणकशास्त्र या साऱ्यांनी मिळून घ्यावयाचा, ते हे शास्त्र. त्याच नावाचे मोठे नियतकालिक १९७७ साली निघाले, म्हणजे माझ्याहून थोडेसेच वडील!

विषय मात्र अस्सल मराठी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची रीत आली आणि केवढा गदारोळ उठला, ते वाचकांना आठवत असेल. आपण २५ लिहिताना दोन आधी लिहितो, म्हणताना मात्र 'पंचवीस', पाच आधी. एकोणचाळिसात तर तीनही ऐकू येत नाही नि नऊही नाही. चाळिसाला एक कमी! हे मुलांना जड जाते, असा तिचा दावा.

मी भाषा सजवून दिली, वर दोन संतवचनेही घालावयास लावली. (त्याने निबंध भारदस्त होतो, ही आमची जुनी समजूत.)

लेखकाचे नाव झाकून निबंध परीक्षकांकडे जातो. परीक्षकही विद्यार्थीच. दोन महिन्यांनी अभिप्राय आले. एकाने विचारले, 'एकोण' म्हणजे काय? मला हसू आले. दुसऱ्याने लिहिले होते, जर्मन लोकही पंचविसाला 'पाच आणि वीस' म्हणतात, तेथील मुले अंकांची उलटापालट करतात असे अभ्यास आहेत, ते पाहा. पण तुम्ही स्वतः किती मुलांना विचारले?

एकालाही नाही. सोळा पानांत एक मूल नव्हते, आणि ते माझ्याही ध्यानात आले नव्हते!

"सर, राहू द्या आता," ती रडवेली होऊन म्हणाली. मी संतवचनांवर काट मारली नि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन केला. पालकांच्या लेखी संमत्या मिळविण्यातच तीन आठवडे गेले.

पहिल्याच दिवशी तिने 'एकोणचाळीस' म्हटले आणि एका पोराने ठसठशीत ४९ लिहिले. तिने कारण विचारले.

"ताई, चाळीस ऐकू आलं ना!"

ते वाक्य आता निबंधाच्या पहिल्या पानावर आहे. पाने नऊ झाली आहेत. पुढची मुदत जानेवारीची.