दोन घरांमधली भिंत

मराठीच्या प्राध्यापकाचे आणि कोष्टकांचे सख्य असते, असे कोणी म्हणणार नाही. कोष्टके असावीत ती गणितवाल्यांच्या वहीत, नाहीतर रेल्वेच्या वेळापत्रकात. शब्द मात्र आमच्याच अंगणातला आहे. 'कोष्ठ' म्हणजे कोठा, खोली; आणि खोली म्हटली की भिंत आलीच. कोणती भिंत ठेवायची आणि कोणती पाडायची, एवढाच कोष्टक मांडणाऱ्यापुढचा प्रश्न. वाचकांना वाटेल, यात प्राध्यापकाने डोके शिणवावे असे काय आहे?

आमच्या वाशिंदच्या कोणाही शेतकऱ्याला विचारा. त्याच्या घरी सातबाऱ्याचा उतारा असतोच. त्यातला बारावा नमुना, म्हणजे पिकांची नोंदवही, आपण वर्षानुवर्षे कागदावर पाहत आलो. 'पिकाखालील क्षेत्राचा तपशील' असा एक लांबरुंद मथळा. त्याच्या पोटात 'मिश्र पिकाखालील क्षेत्र' आणि 'निर्भेळ पिकाखालील क्षेत्र' हे दोन मथळे. त्यांच्याही पोटात आणखी घरे, आणि तळाशी 'जल सिंचित', 'अजल सिंचित' ही जोडी पुन्हा पुन्हा. खालची नावे सारखीच! कोणती जोडी कोणाची, हे फक्त वरच्या रुंद घरावरून कळते. ते घर एक रकाना इकडे-तिकडे सरकले, तर एका पिकाचे क्षेत्र दुसऱ्याच्या नावावर जाईल. (भातसा आमच्या गावाजवळून वाहते आणि पुढे मुंबईची तहान भागवते; पण आमच्याकडच्या कितीतरी उताऱ्यांत 'जल सिंचित'चे घर कोरेच दिसते. असो. हा विषय वेगळ्या लेखाचा.)

छापखानेवाल्यांना या घरांची दहशत पूर्वीपासून आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. शिळेवर हाताने काढलेले पान उतरते. तिथे रेघा हव्या तशा ओढाव्यात, घर हवे तेवढे रुंद करावे. खिळ्यांची जुळणी आली आणि ही मोकळीक गेली. प्रत्येक उभ्या रेघेला पितळेची पट्टी, प्रत्येक कोऱ्या जागेला शिशाचा तुकडा; दोन घरे एक करायची तर पट्टी नेमकी तेवढीच तोकडी कापायची. इंग्लंडातल्या छापखान्यांत कोष्टकाच्या जुळणीला साध्या मजकुराच्या दुप्पट मजुरी देण्याची रीत होती. ती मला मुळीच जास्त वाटत नाही.

हे सारे माझ्या गळ्यात आले ते एका साध्या पुस्तिकेमुळे. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी व्याकरणाची टिपणे छापायची होती. कागद वाचावा म्हणून पान दोन रकान्यांचे केले. आमच्या महाविद्यालयातले गणिताचे एक प्राध्यापक म्हणाले, "सर, हे लाटेकमध्ये करा. सुबक होईल." हे लाटेक म्हणजे काय? डोनाल्ड क्नूथ हे अमेरिकेतले मोठे संगणकशास्त्रज्ञ. १९७७ साली त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली, ती त्यांना इतकी कुरूप वाटली की त्यांनी अक्षरजुळणीची स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. ती 'टेक'. पुढे १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर सोप्या आज्ञांचा साज चढवला, ते 'लाटेक'. देवनागरीसाठी २००४ मधले जोनाथन क्यू यांचे 'झीटेक' कामी येते. या प्रणालीत पान डोळ्यांपुढे रंगवायचे नसते. मजकुरात आज्ञा लिहून ठेवायच्या. यंत्र त्या वाचून पान बांधते. जुन्या जुळाऱ्याला आपण चिठ्ठी लिहून देत असू, तसेच हे.

चिठ्ठीची भाषा थोडक्यात अशी. दोन घरांच्या मध्ये 'अँड'चे चिन्ह, ओळ संपली की दोन उलट्या तिरक्या रेघा. आडवी घरे जोडायला 'मल्टिकॉलम': किती रकाने, मजकूर डावीकडे की मध्ये, आणि मजकूर. पाच घरांच्या ओळीत चार चिन्हे लागतात. दोन घरे एक झाली की तीनच पुरतात. उभी घरे जोडायला 'मल्टिरो' नावाचे वेगळे पुडके मागवावे लागते आणि तिथे न्याय उलटा. खालच्या ओळीतले घर रिकामे ठेवायचे, पण त्याचे चिन्ह मात्र लिहायचेच. कोष्टक दोन्ही रकान्यांवर पसरायचे असेल, तर 'टेबल' या आज्ञेला एक तारका जोडायची. मग ते मधली हद्द ओलांडून पूर्ण रुंदी घेते. मात्र आपण सांगू तिथे न बसता बहुधा पुढच्या पानाच्या माथ्यावर जाऊन बसते. मोठ्या पाहुण्यांची तऱ्हाच ती! रुंदीची वाटणी डेव्हिड कार्लाइल यांचे 'टॅब्युलरएक्स' करते. एकूण रुंदी सांगितली की उरलेली जागा ते लवचीक रकान्यांत वाटून टाकते.

इथवर कारागिरी झाली. खरी अडचण पुढेच होती, कारण माझे कोष्टक विभक्तीच्या प्रत्ययांचे होते.

वाचकांनी शाळेत ते घोकले असेल. द्वितीया: स, ला, ते, स, ला, ना, ते. चतुर्थी: पुन्हा तेच, अक्षर न् अक्षर तेच. संस्कृतात 'रामम्' वेगळा आणि 'रामाय' वेगळा. तिथे भिंत आहे. मराठीत 'पोलिसाने चोराला पकडले' आणि 'आईने मुलाला भाकरी दिली', दोन्हीकडे 'ला'च. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली आले, मोरो केशव दामल्यांचे १९११ साली. एवढी चर्चा झाली, तरी वर्गात घोकण्याचे कोष्टक संस्कृतच्याच नावांनी आणि संस्कृतच्याच क्रमाने चालू आहे. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून येणारी आमची मुले घरी 'ला' बिनचूक लावतात आणि परीक्षेत त्याचे नाव सांगताना गुण गमावतात. एका मुलीने मला सरळ विचारले, "सर, प्रत्यय एकच, तर घरे दोन कशाला?"

मग घर एकच करावे म्हटले. पण 'मल्टिरो' शेजाऱ्यांनाच जोडते, आणि द्वितीया-चतुर्थीच्या मध्ये तृतीया ठाण मांडून बसलेली! भिंत पाडायची तर आधी चतुर्थीला वर आणले पाहिजे, म्हणजे पिढ्यान् पिढ्यांचा अनुक्रम मोडला पाहिजे. विभागातल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "यंत्राच्या सोयीसाठी व्याकरण हलवता?" मला ते पटले नाही. यंत्राने फक्त विचारले होते की ही दोन घरे शेजारी आहेत का. आजवर तो प्रश्न आम्हीच टाळत होतो.

मी चतुर्थी वर घेतली. पाच रकाने केले: विभक्ती, एकवचन, अनेकवचन, कारकार्थ, उदाहरण. एकवचन-अनेकवचनावर 'प्रत्यय' हा जोडमथळा. द्वितीया आणि चतुर्थी यांच्यामध्ये सबंध रेघ न ओढता 'सीलाइन'ने तुटक रेघ ओढली. ही आज्ञा अमुक रकान्यापासून तमुक रकान्यापर्यंतच रेघ काढते. पहिल्या रकान्यात रेघ आहे, चौथ्या-पाचव्यात आहे, मधल्या दोहोंत नाही. नावे दोन, अर्थ दोन (कर्म आणि संप्रदान), प्रत्ययांचे घर एक. नाव कशावरून ओळखायचे ते मुलांना आता बोट ठेवून दाखवता येते: उजवीकडच्या दोन घरांवरून.

पंचमीला 'ऊन, हून' दोन्ही वचनांत सारखे; तिथे आडवे घर जोडून टाकले. त्यावर त्याच मुलीने हरकत घेतली. "सर, 'घराहून' आणि 'घरांहून' एक कसे?" एक नाहीतच. वचन प्रत्ययात नाही, सामान्यरूपावरच्या अनुस्वारात आहे. त्या जोडघरात मजकूर आता दोन ओळींचा झाला आहे, आणि रकाना तेवढा रुंद करायला उदाहरणांतली दोन वाक्ये काढावी लागली.

ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या आग्रहाने परिशिष्टात जुन्या क्रमाचे कोष्टकही छापले आहे, सगळ्या भिंतींसकट. वर्गात मुले कोणते पान उघडतात, ते मी पाहतो आहे.