वोकिंगचा जीर्णोद्धार

फॉर्म्युला वनच्या शर्यतींत उतरणाऱ्या संघांपैकी ज्याच्या खाती वैभव आणि नामुष्की या दोहोंची सारखीच मोठी बेरीज जमा आहे असा संघ शोधू गेल्यास, इंग्लंडातील सरे परगण्यात वोकिंग या गावी ठाण मांडून बसलेल्या मॅक्लारेनखेरीज दुसरे नाव सहसा सुचणार नाही. न्यूझीलंडहून आलेल्या ब्रूस मॅक्लारेन या तरुण चालकाने १९६३ साली हा संघ स्थापन केला, आणि १९७० च्या जून महिन्यात गुडवुड येथे आपल्याच कारखान्यातील नव्या गाडीची चाचणी घेत असता तिच्या पाठीमागचे आवरण निखळल्यामुळे, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तो प्राणास मुकला. यंत्राचा एखादा सांधा ढिला राहिला तर त्याची किंमत काय पडते, हे या संस्थेस कोणी वेगळे शिकविण्याची गरज नव्हती.

तरीही २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत, बिघाड म्हणजे मॅक्लारेन असे समीकरण जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात रूढ झाले. त्या दुर्दशेमागे एक मोठी उमेद होती. १९८८ साली होंडाच्या इंजिनावर आयर्टन सेना आणि अ‍ॅलेन प्रॉस्ट यांनी या संघासाठी सोळांपैकी पंधरा शर्यती जिंकल्या होत्या, आणि त्या सुवर्णकाळाची स्मृती वोकिंगच्या दालनांतून अद्याप मावळलेली नव्हती. संघाचे तत्कालीन सर्वाधिकारी रॉन डेनिस यांचे ठाम मत असे, की जो संघ दुसऱ्या कारखानदाराचे इंजिन निव्वळ गिऱ्हाईक म्हणून विकत घेतो त्याला या युगात विश्वविजेतेपद मिळणे शक्य नाही. स्वतःसाठीच इंजिन घडविणारा भागीदार हवा. म्हणून मर्सिडीजशी वीस वर्षांचा संबंध तोडून होंडाला पुन्हा पाचारण करण्यात आले. आपल्याकडे घरोघरी स्कूटरमुळे परिचित झालेली ही जपानी कंपनी त्या काळी यंत्रविद्येतील सावध शिस्तीसाठी नावाजलेली असल्याने, पुढे जे घडले ते कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

येथे यंत्राची थोडी ओळख करून घेणे भाग आहे. २०१४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार गाडीत १.६ लिटरचे, सहा सिलिंडरांचे टर्बो इंजिन असे आणि त्याच्या जोडीला दोन विद्युतयंत्रे असत: एक ब्रेक लावताना वाया जाणारी गती साठवून ठेवी, तर दुसरे टर्बोच्याच दांड्यावर बसून धुराड्यातून सुटणाऱ्या तप्त वायूपासून वीज निर्माण करी. या दुसऱ्या यंत्राची घडण सर्वांत कठीण होती. मॅक्लारेनच्या आरेखकांना गाडीची शेपटी शक्य तितकी निमुळती हवी होती, म्हणजे वारा तिच्या अंगावरून विनातक्रार सरकून जावा. त्यांच्या या हट्टापायी होंडाने टर्बोचा संपूर्ण सरंजाम आखूड करून इंजिनाच्या दोन सिलिंडर-रांगांमधील घळीत कोंबला. परिणाम व्हायचा तोच झाला. टर्बोची चक्की लहान, म्हणून वीज कमी. वीज कमी, म्हणून लांब सरळ रस्त्यावर निम्म्या वाटेतच ती संपून गाडीचा जोर ओसरे आणि मागून येणारे प्रतिस्पर्धी बाजूने निघून जात. शिवाय इतक्या दाटीवाटीत उष्णतेला वाट मिळेना, तेव्हा टिकाऊपणाचीही वासलात लागली.

२०१५ च्या पहिल्याच शर्यतीत, मेलबर्न येथे, संघाचा जखमी चालक फर्नांडो अलोन्सो याच्या जागी उतरलेल्या केव्हिन मॅग्नुसेनची गाडी आरंभरेषेपर्यंतही पोहोचली नाही. दुसऱ्या गाडीतील जेन्सन बटनने शर्यत पुरी केली ती अकरावा, म्हणजे शेवटचा, येऊन. हंगामभर प्रत्येक चालकाने मोजक्याच इंजिनांवर गुजराण करावी, अधिक सुटे भाग वापरल्यास आरंभीच्या रांगेत मागे जावे, असा दंडक असल्याने त्या वर्षी बेल्जियममध्ये दोन्ही गाड्यांवर मिळून १०५ जागा मागे जाण्याची शिक्षा लादली गेली. शर्यतीत गाड्याच मुळी वीस. तेव्हा उरलेल्या जागा कोठून आणाव्यात हा प्रश्न पंचांनाही पडला असावा. होंडाच्या मालकीच्या सुझुका येथे, जपानी प्रेक्षकांदेखत आणि कंपनीच्या थोर अधिकाऱ्यांसमक्ष, अलोन्सोने रेडिओवरून आपल्या इंजिनाची तुलना दुय्यम दर्जाच्या शर्यतमालेतील इंजिनाशी केली, आणि ते वाक्य पुढे कित्येक वर्षे त्या कंपनीचा पिच्छा पुरवीत राहिले. हंगामअखेर गुण सत्तावीस, स्थान नववे.

२०१६ साली परिस्थिती काहीशी सावरली. पण २०१७ मध्ये होंडाने इंजिनाची रचना मुळापासून बदलली आणि बार्सिलोना येथील सरावाच्या पहिल्याच दिवशी तेलाच्या टाकीने दगा दिला; त्यापाठोपाठ असा कंप सुरू झाला की त्याच्या धक्क्यांनी विजेच्या जोडण्याही तग धरीनात. त्या वर्षी अलोन्सो मोनॅकोची शर्यत सोडून इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीस गेला, तेथे काही काळ आघाडीवरही राहिला, आणि अवघ्या एकवीस फेऱ्या उरल्या असता तेथल्याही होंडा इंजिनाने धूर ओकला. दैवाचा विनोद असा, की ती शर्यत जिंकली ताकुमा सातो या जपानी चालकाने, आणि त्याचेही इंजिन होंडाचेच होते. सप्टेंबरात, सिंगापूरच्या मुक्कामी, काडीमोड जाहीर झाला. मॅक्लारेनने रेनोचे इंजिन पत्करले.

खरी कसोटी येथून लागली. इंजिन बदलताच आपण अग्रेसर संघांच्या पंक्तीला जाऊन बसू, असे वोकिंगमध्ये छातीठोकपणे सांगितले जात होते, कारण गाडीचा सांगाडा उत्कृष्ट आहे याविषयी तेथे कोणाला संदेह नव्हता. २०१८ साली तेच रेनो इंजिन वापरणाऱ्या रेड बुलने चार शर्यती जिंकल्या. मॅक्लारेनला सबंध वर्षात बासष्ट गुण मिळाले, आणि त्यांतले पन्नास एकट्या अलोन्सोचे होते. त्याच गाडीत बसलेला स्टॉफेल व्हँडॉर्न हा गुणी तरुण एकवीसपैकी एकाही पात्रता फेरीत अलोन्सोच्या पुढे जाऊ शकला नाही. इकडे टाकून दिलेल्या होंडाने प्रथम टोरो रोसो या लहान संघाच्या आश्रयाने चुका निस्तरल्या, २०१९ साली ऑस्ट्रियात रेड बुलला विजय मिळवून दिला आणि २०२१ मध्ये मॅक्स व्हर्स्टापेनला विश्वविजेता केले.

या प्रकरणात मला जे विशेष वाटते ते हेच. इंजिन वारंवार बंद पडत होते, हे निर्विवाद. परंतु ते बंद पडत होते म्हणूनच गाडीची स्वतःची खोट झाकली गेली, आणि जी थोडीफार उघडी राहिली असती ती अलोन्सोच्या असामान्य कौशल्याने झाकली. ज्या गाडीला दहावे स्थान साजले असते ती तो सातव्या स्थानी नेई, आणि अभियंत्यांना वाटे की सांगाडा चांगलाच आहे. दोषाचे खापर फोडण्यास दुसऱ्याचे मस्तक आयते मिळाल्यावर आपल्या घरची झडती कोण घेतो?

झडती सुरू झाली ती बहाणा संपल्यावर. डेनिस यांची उचलबांगडी २०१६ सालीच झालेली होती आणि सूत्रे झॅक ब्राउन या, जाहिरात व पुरस्कर्ते मिळविण्याच्या धंद्यात मुरलेल्या अमेरिकन गृहस्थाच्या हाती आली होती. २०१८ च्या उन्हाळ्यात कामगारांतील असंतोष चव्हाट्यावर आला. अहोरात्र राबल्याबद्दल आपल्या हाती बक्षीस म्हणून लहानसे चॉकलेट ठेवले जाते, अशी त्यांची तक्रार इंग्रजी वृत्तपत्रांतून झळकली आणि थोड्याच दिवसांत शर्यत-विभागाचे प्रमुख एरिक बुलिए यांनी राजीनामा दिला. पुढल्या वर्षी पोर्शेकडून आलेल्या आंद्रेआस सायडल यांनी कारभार हाती घेतला तेव्हा त्यांना जी मोठी उणीव दिसली ती विंड टनेलची होती. गाडीची लहान प्रतिकृती ज्यात वाऱ्याच्या झोतापुढे ठेवून तपासतात तो हा बोगदा. मॅक्लारेनचा स्वतःचा जुनाट झालेला असल्याने प्रतिकृती वोकिंगहून जर्मनीत कोलोन येथे टोयोटाच्या बोगद्यात न्यावी लागे, आणि तेथे सापडलेला दोष दुरुस्त करून पुन्हा तपासण्यात जो काळ जाई तेवढ्यात प्रतिस्पर्धी एक पाऊल पुढे गेलेले असत. स्वतःचा नवा बोगदा बांधण्याची तजवीज त्या वर्षी मंजूर झाली. तो प्रत्यक्ष कामास लागण्यास २०२३ साल उजाडले.

मध्यंतरी साथीच्या रोगाने तिजोरी रिकामी केली. बहरीनच्या राष्ट्रीय बँकेकडून कर्ज घ्यावे लागले, संघाचा हिस्सा अमेरिकन गुंतवणूकदारांस विकावा लागला आणि २०२१ साली तर तळ्याकाठचे ते देखणे मुख्यालय विकून त्याच वास्तूत भाडेकरू म्हणून राहण्याची पाळी आली. त्याच वर्षी इंजिन पुन्हा मर्सिडीजचे झाले आणि मोंझा येथे संघाच्या दोन चालकांपैकी डॅनियल रिकार्डो पहिला व लँडो नॉरिस दुसरा आला. नऊ वर्षांनी मिळालेला विजय. पण रिकार्डोचे आणि त्या गाडीचे सूत जमले नाही, पुढल्याच वर्षी कराराची मुदत पुरी होण्याआधी त्याला निरोप देण्यात आला आणि त्याच्या जागी ऑस्कर पियास्त्री हा फॉर्म्युला वनची एकही शर्यत न खेळलेला ऑस्ट्रेलियन पोरगा, अल्पीन संघाशी लवादात झगडून, आणण्यात आला.

२०२३ ची पहिली शर्यत बहरीनला होती, आणि तेथे जे दिसले ते जुन्या दिवसांहून काही वेगळे नव्हते. पियास्त्रीच्या गाडीतील विजेची व्यवस्था ढासळली. पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या थांब्यावर, त्याचे सुकाणूचक्र बदलून पाहिले, गाडी हलेना. नॉरिसची व्यथा अधिक चमत्कारिक होती. या इंजिनांच्या झडपा इतक्या वेगाने उघडझाप करतात की पोलादी स्प्रिंग त्यांना वेळेवर मिटवू शकत नाही, म्हणून ते काम दाबलेल्या हवेकडून करून घेतात. ती हवा कोठून तरी गळत होती. मग दर काही फेऱ्यांनी पिटमध्ये यायचे, नळी जोडून हवा भरून घ्यायची, पुन्हा निघायचे, असे सहा वेळा करून तो दोन फेऱ्यांच्या पिछाडीने सतरावा आला. त्यापेक्षा गाडी उभी करणे सोपे होते. परंतु चालत राहिलेल्या गाडीपासून अभियंत्यांना माहिती मिळते, उभ्या गाडीपासून काहीच मिळत नाही.

त्या वेळी सायडल यांच्या जागी प्रमुखपदी आलेले आंद्रेआ स्टेला हे मितभाषी इटालियन गृहस्थ पूर्वी फेरारीत शूमाकर आणि अलोन्सो यांच्या गाड्यांवर काम केलेले अभियंते. गाडी आपल्या अपेक्षेस उतरलेली नाही, अशी कबुली त्यांनी हंगामाआधीच देऊन टाकली होती, आणि या धंद्यात अशी कबुली दुर्मीळ आहे. मार्च महिन्यात त्यांनी तांत्रिक संचालकाचे पदच मोडीत काढून वायुगतिशास्त्र, यांत्रिक रचना आणि गाडीची मूळ कल्पना अशा तीन खात्यांत त्याची फोड केली. रेड बुलमधून रॉब मार्शल या कसलेल्या आरेखकास आणण्याचा करार झाला. फळ अपेक्षेहून लवकर आले. जुलैत ऑस्ट्रियात सुधारलेली गाडी मिळताच नॉरिस चौथा, तर लगेच सिल्व्हरस्टोनला दुसरा आला. २०२४ च्या डिसेंबरात अबुधाबी येथे ६६६ विरुद्ध ६५२ अशा गुणांनी फेरारीला मागे टाकून मॅक्लारेनने सव्वीस वर्षांनी संघांचे विजेतेपद मिळविले. ज्या मर्सिडीजचे हे गिऱ्हाईक, ती त्या वर्षी चौथी होती! डेनिससाहेबांचा सिद्धांत त्यांच्याच जुन्या संघाने खोटा पाडला.

विजेतेपद म्हणजे निर्दोषत्व नव्हे, हे २०२५ ने लगेच दाखविले. झँडव्हूर्टला दुसऱ्या स्थानी धावत असलेल्या नॉरिसची गाडी थोड्या फेऱ्या उरल्या असता तेल गळून धुरात थांबली आणि अठरा गुण गेले. लास व्हेगासला गाडीच्या तळाशी बसविलेल्या फळीची जाडी झिजून ठरलेल्या किमान नऊ मिलिमीटरांहून कमी भरल्याने दोन्ही गाड्या बाद झाल्या. दोन्ही चालकांना समान वागणूक देण्याचा संघाचा आग्रह अनेकांना भाबडा वाटला, आणि त्यामुळे व्हर्स्टापेन अखेरपर्यंत विजेतेपदाच्या चुरशीत राहिला हेही खरे. तरी तो आग्रह त्यांनी सोडला नाही. चालकांच्या गुणतक्त्यात शेवटी नॉरिस ४२३, व्हर्स्टापेन ४२१, पियास्त्री ४१०. संघांचे विजेतेपद तर त्याआधीच, ऑक्टोबरात, सिंगापूरला निश्चित झाले होते.

२०२६ पासून नियमावली पुन्हा पालटली. ज्याने होंडाला रडविले ते टर्बोच्या दांड्यावरचे विद्युतयंत्र रद्द झाले, गाडीच्या एकंदर शक्तीतील विजेचा हिस्सा सुमारे निम्म्यावर नेण्यात आला, आणि मॅक्लारेन मर्सिडीजचे गिऱ्हाईकच राहिले. होंडाने अ‍ॅस्टन मार्टिनशी घरोबा केला असून तेथे तिच्या इंजिनावर गाडी हाकण्याचे काम त्या हंगामाच्या आरंभी चव्वेचाळीस वर्षांचा असलेल्या फर्नांडो अलोन्सोकडे आले.