बावीस मुलांची साखळी

आजीच्या किंवा आजोबांच्या दंडावरचे गोल व्रण तुम्ही पाहिले असतील. ते ‘देवी काढल्याचे’ व्रण. गायीच्या आचळांवर येणाऱ्या सौम्य देवीची लस टोचली की माणसाला देवीचा भयंकर रोग होत नाही, हे एडवर्ड जेन्नर ह्या इंग्रज शल्यवैद्याने १७९६ मध्ये दाखवले. पण ही लस दूरदेशी न्यायची कशी? शीतकपाट नव्हते. काचांमध्ये वाळवून ठेवलेली लस उष्ण हवेत लवकर निकामी होई.

स्पेनचा शल्यवैद्य फ्रान्सिस्को बाल्मिस ह्याने ह्यावर तोड काढली : लस बाटलीत न ठेवता मुलांच्या हातावरच जिवंत ठेवायची! टोचल्यानंतर नवव्या-दहाव्या दिवशी फोड पाण्याने टच्च भरतो. ते पाणी हीच लस. पुढे त्यात पू होतो, खपली धरते आणि संधी जाते. म्हणून त्याआधीच ते पाणी दुसऱ्या मुलाला टोचायचे. मात्र त्या मुलाला पूर्वी देवी आलेल्या किंवा काढलेल्या नसाव्यात.

३० नोव्हेंबर १८०३ रोजी बाल्मिसचे जहाज ला कोरुन्या बंदरातून अमेरिकेकडे निघाले. बरोबर २२ लहान मुले होती, बहुतेक अनाथ. आणि त्यांना सांभाळायला अनाथालयाची प्रमुख इसाबेल सेंदाल. एका वेळी दोघांना टोचायचे, म्हणजे एकाचा फोड उठला नाही तरी दुसरा असतो. आता हिशोब करा. अकरा जोड्या, प्रत्येकी नऊ-दहा दिवस. म्हणजे सुमारे शंभर दिवस. झोपेत एखाद्याने फोड खाजवला आणि तो हात शेजारच्याला लागला, तर एक कडी फुकट! शल्यवैद्याचे काम म्हणजे सुरी चालवणे असे आपण समजतो. बाल्मिसचे निम्मे काम पोरांवर पहारा ठेवण्याचे होते.

पोर्तो रिको बेटावर वेगळीच अडचण उभी राहिली. तेथे शेजारच्या बेटावरून लस आधीच आलेली, त्यामुळे टोचण्याजोगी मुले मिळेनात. मार्च १८०४ मध्ये व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले, तेव्हा ताजा फोड फक्त एका मुलाच्या हातावर उरला होता. त्या एका फोडावर साखळी तगली.

(आपल्या मुंबईला लस ह्यापूर्वीच, बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आली होती. १४ जून १८०२ रोजी तेथे ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली.)

हाताहाताने लस नेण्यात धोका होता. एकाची कावीळ दुसऱ्याला जाऊ शके. आणि त्या मुलांना कोणी विचारले होते? राजाने त्यांच्या पालनपोषणाची हमी दिली होती खरी, पण मेक्सिकोत त्यांची रवानगी अनाथाश्रमात झाली. बाल्मिसने त्याबद्दल तक्रार केली. मग तो नवी २६ मुले घेऊन १८०५ मध्ये मनिलाला गेला आणि तेथून लस चीनपर्यंत पोचवली.

त्याचा मदतनीस होसे साल्वानी हाही शल्यवैद्य. तो व्हेनेझुएलाहून दक्षिणेकडे वळला. अँडीज पर्वत ओलांडत, गावोगाव देवी काढत तो जात राहिला. वाटेत त्याचा एक डोळा गेला, प्रकृती ढासळली. १८१० मध्ये, आज बोलिव्हियात असलेल्या कोचाबांबा शहरात तो वारला. तेव्हा त्याची चाळिशीही उलटली नव्हती.