क्षयजंतूंची विकरे, नवी प्रतिजैविके आणि ग्रामीण वैद्य

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात शोषाची गणना एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे संक्रमित होणाऱ्या औपसर्गिक व्याधींत केली आहे. या संक्रमणास कारणीभूत असलेला जीवाणू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जगापुढे मांडला. आज त्यावर योजली जाणारी अनेक प्रमुख औषधे त्याच्या विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, आघात करतात. ती कशी कार्य करतात आणि कशी निष्फळ ठरतात, हे वैद्याने जाणणे अगत्याचे आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात कासाचा रुग्ण पुष्कळदा प्रथम आपल्याच दारी येतो.

आयसोनियाझिड हे जीवाणूच्या मेदयुक्त आवरणाची घडण करणारे विकर रोखते. रिफाम्पिसिन आरएनए पॉलिमरेजला बांधून ठेवते. लेव्होफ्लॉक्सॅसिन व मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांचे लक्ष्य डीएनए गायरेज होय. जनुकातील अल्पशा बदलाने विकराची ठेवण पालटली, की औषध त्याला चिकटत नाही. अपुऱ्या किंवा अर्धवट उपचारांत दुर्बल जंतू मरतात, असे पालटलेले जंतू मात्र उरतात व वाढतात.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका पाहणीत १०६ खासगी चिकित्सकांपैकी केवळ ६ जणांनी क्षयाचे औषधपत्र अचूक लिहिले होते. पुढे डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी, तपासलेल्या सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे ४ रुग्ण नोंदविले.

अशा रुग्णांना आशा दिली ती बेडाक्विलिनने. जीवाणूला ऊर्जा पुरविणारे एटीपी सिंथेज हे विकर ते बंद पाडते. या औषधाचा शोध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि २०१६ मध्ये भारतात निवडक केंद्रांवर ते देण्यास प्रारंभ झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या चतुष्टयास मान्यता दिली. त्यामुळे पूर्वी २० महिन्यांपर्यंत चालणारा उपचार योग्य रुग्णांत ६ महिन्यांवर आला. ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या आपल्या भागातील कुटुंबांना या अंतराचे मोल सांगावयास नको. परंतु बेडाक्विलिनला दाद न देणारे जंतूही आढळू लागले आहेत. नवी औषधे मोजकीच आहेत. ती टिकविणे पहिल्या चिकित्सकापासूनच सुरू होते.

म्हणून व्यवसायबंधूंना आम्ही चार गोष्टी सुचवितो. पहिली, दोन आठवड्यांहून अधिक काळ कास, सायंकाळचा ज्वर वा भारक्षय असल्यास प्रथम थुंकीची तपासणी करवावी. जलद जनुकीय चाचणीने जंतूंसोबतच रिफाम्पिसिनचा प्रतिरोधही सुमारे दोन तासांत कळतो. दुसरी, निदानापूर्वी कासावर लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखे औषध कोणी देत असल्यास त्यास परावृत्त करावे. त्याने लक्षणे तात्पुरती दबतात, निदान लांबते आणि याच गटातील मॉक्सिफ्लॉक्सॅसिनची धार बोथट होते. तिसरी, या गटातील औषधे चालू असता लोहभस्म, मंडूर, शंखभस्म वा प्रवाळ एकाच वेळी देऊ नये. लोह व कॅल्शियम यांच्याशी संयोग होऊन औषधाचे शोषण घटते. वेळेचे अंतर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाशी बोलूनच ठरवावे. चौथी, प्रत्येक रुग्णाची नोंद शासनाकडे करावी. २०१२ पासून खासगी चिकित्सकांनाही ती बंधनकारक आहे. निक्षय प्रणालीत नोंद असल्यास रुग्ण परगावी गेला तरी त्याचा उपचार तेथे पुढे चालविता येतो.

चरकाचार्यांनी राजयक्ष्म्याच्या चार हेतूंत क्षय व विषमाशन सांगितले आहेत. जंतुनाशक औषधासोबत रुग्णाचे बल, अग्नी व आहार सांभाळणे हे आपले क्षेत्र आहेच. निक्षय पोषण योजनेचे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० वरून १,००० रुपये झाले आहे. ते रुग्णाच्या खात्यात जमा होते की नाही, याचीही विचारपूस करावी. जंतुनाशक औषधे थांबवून केवळ रसायनचिकित्सेवर रुग्णास ठेवणे मात्र त्याच्या व त्याच्या घरातील लेकरांच्या जिवाशी खेळणे होय. ज्या वैद्यावर गावाचा विश्वास आहे, त्याने ‘गोळ्या पूर्ण करा’ असे सांगितले तर रुग्ण ते ऐकतो. हा विश्वास आपण या कामी लावावा, अशी समस्त वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती आहे.