लेबल एकच, तरी एका टेम्पोत नको!

बॅचमध्ये केमिकलचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, आम्ही काय मोठी कंपनी आहोत का? चार कॅन इकडून तिकडे पाठवतो, त्याला कसलं आलंय कंप्लायन्स?" आज त्या चार कॅनचीच गोष्ट सांगतो.

आपल्या एका जुन्या बॅचमधले व्यापारी. त्यांना विचारूनच लिहितोय, नाव देत नाही. भिवंडीजवळ भाड्याचा गाळा, हॉटेलं आणि लाँड्रीवाल्यांना सफाईची केमिकल्स पुरवतात. एप्रिलमध्ये नाशिकच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर आली. हायपोचे, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे कॅन आणि सोबत हायड्रोक्लोरिक ॲसिडचे कॅन. पार्ट लोडचा टेम्पो मिळाला. बिल्टीवर लिहिलं 'सफाई साहित्य'. का? तर "केमिकल लिहिलं की ट्रान्सपोर्टवाला भाडं वाढवून सांगतो."

टेम्पोत जागा कमी होती, म्हणून हमालाने हायपोचे दोन कॅन आडवे टाकले. हायपो उन्हात तापला की त्यातून हळूहळू गॅस सुटतो, म्हणून त्याच्या झाकणाला बारीक छिद्र असतं, गॅस बाहेर जावा म्हणून. कॅन उभा असेल तर काही बिघडत नाही. आडवा केला की तेच छिद्र गळायला लागतं. खाली ॲसिडचा कॅन होता, त्याचं झाकण नीट आवळलेलं नव्हतं. हायपो आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन तयार होतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता ना, तोच वायू.

शहापूरच्या पुढे ड्रायव्हरचे डोळे चुरचुरायला लागले, खोकला थांबेना. बिचाऱ्याने गाडी बाजूला घेतली आणि काय सांडलंय ते बघायला मागचं दार उघडलं! क्लोरीन हवेपेक्षा साधारण अडीच पट जड, तो आत तळाशी साचून राहिला होता. लोक जमले, पोलीस आले. पहिला प्रश्न, आत काय आहे? बिल्टी म्हणते सफाई साहित्य. मालकांचा फोन सायलेंटवर. जवळपास वीस मिनिटं कुणालाच कळेना की पाणी मारायचं, माती टाकायची की लांब पळायचं. ड्रायव्हर तीन दिवस हॉस्पिटलात होता. वाचला.

मी गाळ्यावर गेलो तेव्हा मालक हमालावर चिडलेले. मी म्हटलं, शेठ, हमालाला काय सांगितलं होतं तुम्ही? दोन्ही कॅन बघा. दोन्हींवर तेच काळं-पांढरं चित्र, हातावर आणि धातूवर थेंब पडतोय असं. क्लास ८, म्हणजे जाळणारा, गंजवणारा पदार्थ. हायपोचा यूएन नंबर १७९१, हायड्रोक्लोरिक ॲसिडचा १७८९. लेबल बघून माणूस म्हणणारच की एकाच जातीचा माल आहे, ठेवा शेजारी. क्लासचं लेबल तुम्हाला धोका कुठला ते सांगतं. शेजारी काय चालेल, ते नाही सांगत. ते सेफ्टी डेटा शीटमध्ये असतं. सोळा भागांपैकी दहावा भाग उघडा, कशाशी रिअ‍ॅक्शन होते ते तिथे लिहिलेलं असतं. वाहतुकीचं चौदाव्यात, साठवणुकीचं सातव्यात. यांच्याकडे ती शीट होती बरं का. सप्लायरने मेलवर पाठवलेली पीडीएफ, एकदाही न उघडलेली.

आता कायद्याचं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२९ ते १३७ हे नियम धोकादायक मालाचे आहेत. ट्रेनिंगला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटतं, हे सगळं ट्रान्सपोर्टवाल्याचं काम. नाही. नियम १३१ माल पाठवणाऱ्याचा आहे. मालाची पूर्ण आणि खरी माहिती गाडीमालकाला देणं ही तुमची जबाबदारी. तीच माहिती ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ट्रेम कार्डवर लेखी हवी आणि ड्रायव्हरला ती समजायला हवी. इंग्रजी कार्ड छापून सीटखाली सारलं तर त्याचा काय उपयोग? मराठीत, हिंदीत करा. गाडीवर तीन ठिकाणी इमर्जन्सी माहितीचा फलक हवा. मालाचं नाव, यूएन नंबर, लेबल, तुमचा फोन. (आणि तो फोन सायलेंटवर नको.) ड्रायव्हरच्या लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद आहे का, तेही बघा.

'सफाई साहित्य' लिहून काही लपतही नाही. त्यांच्याच जीएसटी बिलावर एचएसएन कोड होते, हायपोचा २८२८, ॲसिडचा २८०६. बिल एक सांगतंय, बिल्टी दुसरं. दोन्ही कागद एकाच गाडीत. आता इन्शुरन्सवाल्याला काय सांगणार?

गाळ्यातली गोष्ट मला जास्त खटकली. हायपो एका भिंतीला, ॲसिड समोरच्या भिंतीला, मालक अगदी अभिमानाने दाखवत होते. मी खाली बघितलं. दोन्हीकडचा उतार मधल्या एकाच गटारात! दोन्हीकडून गळलं तर भेट ठरलेली. मग दोन्हींखाली वेगवेगळे प्लॅस्टिकचे ट्रे घेतले, मध्ये वीटकाम केलं. खर्च फार नाही झाला.

कोपऱ्यात थिनरचे दोन ड्रमही निघाले. "ते सहज ठेवलेत." सहज कसे? टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीतही त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. २३ अंशाखाली फ्लॅश पॉइंट असलेलं पेट्रोलियम क्लास ए. त्यात ३० लिटरपर्यंत लायसन्सची सूट आहे, पण तीही माल विक्रीसाठी नसेल तरच. यांचा तर विकायलाच ठेवलेला. लायसन्स पेसोचं, त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. ते ड्रम त्यांनी सप्लायरला परत पाठवले.

चीनमधल्या तिआनजिनच्या गोडाऊनचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १२ ऑगस्ट २०१५. १६५ लोक गेले, आठ सापडलेच नाहीत. मेलेल्यांत सगळ्यात जास्त आग विझवायला गेलेले जवान. म्हणून मालकांकडून गेटबाहेर एक पत्र्याची पेटी बसवून घेतली. आत एकच कागद. आज गाळ्यात काय आहे, किती आहे, कुठल्या भिंतीला. रोज संध्याकाळी मुनीम बदलतो. मध्यरात्री अग्निशमनवाले आले तर शटर तोडायच्या आधी तो हाताला लागेल.

नाशिकचा माल आता दोन वेगळ्या फेऱ्यांत जातो. भाडं वाढलं, एक गिऱ्हाईक तुटलं. हे मी लपवणार नाही, कारण तुमचंही तुटू शकतं. तो ड्रायव्हर बरा आहे, पण त्यांचा माल भरत नाही.

येत्या शनिवारच्या व्हिडिओत कोरं ट्रेम कार्ड घेऊन बसतो आणि एकेक रकाना भरून दाखवतो. तुमच्या गोडाऊनमधला एक माल निवडा, त्याची डेटा शीट सप्लायरकडून मागवून ठेवा. आणि हो, हायपोचे कॅन कसे ठेवलेत, तेवढं आजच बघून या.