मोटारीची आगाऊ नोंदणी: क्रमांक एक, रांगा अनेक

बंगळुरूच्या पूर्व भागातील मारतहळ्ळी हा परिसर माहिती तंत्रज्ञान कंपन्यांसाठी ओळखला जातो. नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेल्यांमध्ये मराठी कुटुंबेही आहेत. येथील एखाद्या ग्राहकाने आणि पुण्यातील त्याच्या भावाने एकाच दिवशी एकाच मोटारीची आगाऊ नोंदणी केली, तरी ती दोघांना एकाच महिन्यात मिळेल याची शाश्वती नसते. चाकणच्या कारखान्यातून निघालेली गाडी बंगळुरूला पोहोचण्यास काही दिवस पुरतात; प्रतीक्षा मात्र अनेक महिन्यांची असू शकते. हा विलंब प्रवासातील नसतो, तर उत्पादनाचा क्रम आणि वाटपाची पद्धत यांतून निर्माण होतो.

अर्ध्या तासात एक लाख नोंदण्या

याचे ठळक उदाहरण म्हणजे चाकण येथे तयार होणारी महिंद्राची स्कॉर्पिओ-एन ही मोटार. ३० जुलै २०२२ रोजी सकाळी ११ वाजता तिची नोंदणी सुरू झाली आणि अवघ्या ३० मिनिटांत एक लाख ग्राहकांनी नावे नोंदविली. नोंदणीची तारीख आणि वेळ यांवरून ग्राहकाचा क्रम ठरेल, असे कंपनीने जाहीर केले होते. मात्र त्याच वर्षी डिसेंबरपर्यंत सुमारे २० हजार गाड्या देण्याचे नियोजन करताना झेड-८-एल या वरच्या श्रेणीच्या प्रकाराला प्राधान्य देण्यात आले. त्यामुळे खालच्या श्रेणीचा प्रकार निवडलेल्या ग्राहकाचा क्रम वरचा असूनही त्याला अधिक थांबावे लागण्याची शक्यता निर्माण झाली.

त्या काळात जगभर जाणवणाऱ्या सेमीकंडक्टर चिपच्या टंचाईने या प्रश्नात भर घातली. चिप मर्यादित असल्यास त्या कोणत्या मॉडेलसाठी आणि कोणत्या प्रकारासाठी वापरायच्या, हा निर्णय कंपनी घेते. नोव्हेंबर २०२२ च्या सुरुवातीस महिंद्राकडे सुमारे २ लाख ६० हजार नोंदण्या प्रलंबित होत्या.

कारखान्यातून दालनापर्यंत

देशभरातील ग्राहकांची एकच रांग असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात रांगा अनेक असतात. पहिली रांग कारखान्यात लागते. तेथे इंजिन, गिअरचा प्रकार, श्रेणी आणि रंग यांनुसार महिन्याचे उत्पादन ठरते. मागणी कमी असलेल्या रंगाच्या गाड्या ठरावीक अंतराने एकत्रित रंगविल्या जाऊ शकतात. त्यामुळे केवळ रंगाच्या निवडीनेही प्रतीक्षा लांबू शकते.

दुसरी रांग वितरकांची. तयार झालेल्या गाड्यांचे वाटप करताना वितरकाची मागील विक्री, त्याच्याकडील प्रलंबित नोंदण्या आणि शिल्लक साठा हे घटक सामान्यतः विचारात घेतले जातात. कंपनी गाडी प्रथम वितरकाला विकते आणि वितरक ती ग्राहकाला विकतो. गाड्या उचलण्यासाठी बहुतेक वितरक बँकांकडून कर्ज घेतात. ज्या वितरकाची कर्जमर्यादा संपली आहे, त्याच्या वाट्याच्या गाड्या अडकू शकतात. अशा वेळी ग्राहकाचा क्रम योग्य असूनही गाडी येत नाही.

तिसरी रांग वितरकाच्या दालनातील. आलेली गाडी कोणाला द्यायची, याचा निर्णय अनेकदा येथे होतो. नोंदणी रद्द झाल्याने मोकळी झालेली गाडी पुढच्या क्रमांकाच्या ग्राहकाला मिळणे अपेक्षित असते. मात्र पूर्ण रक्कम तयार असलेला, वितरकाकडूनच विमा आणि कर्ज घेणारा किंवा जुनी गाडी बदलून देणारा ग्राहक पुढे सरकल्याच्या तक्रारी ऐकू येतात. मोठ्या वितरकाकडे गाड्या अधिक येतात, पण रांगही मोठी असते. लहान वितरकाकडे याच्या उलट स्थिती असते. म्हणूनच शेजारच्या दोन दालनांत प्रतीक्षेचा कालावधी वेगळा सांगितला जातो.

कारखाना जवळ असल्याचा लाभ मिळत नाही

टोयोटाचा बिडदी येथील कारखाना बंगळुरूपासून जवळच आहे. तरीही एप्रिल २०२३ मध्ये तेथे तयार होणाऱ्या इनोव्हा हायक्रॉसच्या सर्वांत वरच्या प्रकारांची नोंदणी पुरवठ्यातील अडचणींमुळे तात्पुरती थांबविण्यात आली, तेव्हा बंगळुरूचे ग्राहकही त्याला अपवाद नव्हते.

कोल्हापूर किंवा पुण्यात लवकर गाडी मिळत असल्यास तेथे नोंदणी करण्याचा मार्ग काही जण निवडतात. मात्र गाडी कर्नाटकात ठेवायची असल्यास तेथील आजीवन कर भरावा लागतो, आणि हा कर देशातील सर्वाधिक करांपैकी एक आहे.

पूर्वीची रांग आणि आजची रांग

प्रतीक्षा मराठी ग्राहकांना नवीन नाही. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी एकेकाळी दहा-दहा वर्षे थांबावे लागत असे. त्या काळी उत्पादनावर परवान्यांची मर्यादा होती आणि मोटारी व स्कूटर यांच्या वितरणासाठी केंद्र सरकारने १९५९ आणि १९६० मध्ये नियंत्रण आदेश काढले होते. आज असा आदेश नाही. प्रतीक्षा कितीतरी कमी झाली असली, तरी तिचा क्रम आता कंपनी आणि वितरक यांच्या व्यवहारावर अवलंबून आहे.

प्रतीक्षेची किंमत

विलंबाचा थेट परिणाम किमतीवर होतो. नोंदणी अर्जात साधारणपणे गाडी ताब्यात देतानाची किंमत लागू राहील, अशी अट असते. प्रतीक्षेच्या काळात दरवाढ झाल्यास तिचा भार ग्राहकावर पडतो. याची दुसरी बाजूही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरील वस्तू व सेवा कराचे दर कमी झाले, तेव्हा ज्यांच्या गाडीचे बिल त्यानंतर झाले त्या प्रतीक्षेतील ग्राहकांना त्याचा लाभ मिळाला.

ग्राहकांनी काय पाहावे?

प्रतीक्षा किती, एवढाच प्रश्न विचारणे पुरेसे नाही. आपण निवडलेल्या प्रकाराच्या आणि रंगाच्या आपल्यापुढे किती नोंदण्या आहेत, गेल्या महिन्यात अशा किती गाड्या या वितरकाकडे आल्या आणि रंग बदलल्यास क्रम कायम राहतो का, हे विचारावे. पुढे बारा नोंदण्या असतील आणि महिन्याला दोन गाड्या येत असतील, तर सहा महिन्यांचा अंदाज ग्राहक स्वतःच बांधू शकतो.

नोंदणी अर्जावर प्रकार, रंग, तारीख आणि रक्कम परत मिळण्याच्या अटी लेखी असाव्यात. गाडी प्रत्यक्ष वाट्याला येऊन तिचा चासी क्रमांक कळेपर्यंत पूर्ण रक्कम भरू नये. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. त्यामुळे मारतहळ्ळीतील ग्राहकाने गाडी पुण्यात नोंदविली असली, तरी तक्रारीसाठी त्याला पुण्याला जाण्याची गरज नाही.